खरे लिहिणाऱ्याचे नुकसान का व्हावे?

(बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या सत्कारानिमित्त येथील वाचनालयाच्या सभागृहात आम्ही केलेले भाषण, अनेक पालकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



सत्काराच्या सभेत पाहुण्याने चार गोड शब्द बोलावे, दोन सुभाषिते म्हणावी आणि चहा निवण्यापूर्वी खाली बसावे, असा रिवाज आहे. तो मोडण्याची परवानगी आम्ही आरंभीच मागून घेतो. गुण मिळविण्याचे काम तुम्ही केले आणि त्याबद्दलचे हार तुमच्या गळ्यात पडले. परंतु गुणपत्रिका आणि महाविद्यालयाचे दार यांच्यामध्ये आणखी एक कागद असतो. त्याला पसंतीक्रम म्हणतात. तीन वर्षे घासलेल्या बुद्धीचा सौदा या एका कागदावर तीन मिनिटांत होतो, आणि तो कसा भरावा हे मात्र कोणतीही शाळा शिकवीत नाही. आज त्या कागदाविषयी बोलावयाचे आहे.

मागे एका प्रवेशाच्या हंगामात एक गृहस्थ आपल्या कन्येसह आमच्या कार्यालयात आले. हातात पसंतीक्रमाची प्रत होती आणि यादीच्या माथ्यावरचे पहिले नाव शाईने खोडलेले होते. आम्ही कारण विचारले. गृहस्थ म्हणाले, "संपादकसाहेब, ते महाविद्यालय मिळायचे नाही असे जो तो म्हणतो. मग पहिला नंबर फुकट कशाला घालवायचा?" मुलगी काही बोलली नाही, ती खोडलेल्या ओळीकडे पाहत होती. सर्व विषयांवर मत असणे हा संपादकाचा धंदाच आहे. तरी त्या दिवशी आम्ही "असेल बुवा, तुम्ही चौकशी केली आहे तर" एवढेच बोललो आणि त्यांना वाटेस लावले. पुढे कळले की खोडलेल्या त्या महाविद्यालयात तिच्याहून कमी गुणांची मुले दाखल झाली. ज्या पद्धतीने तो प्रवेश होत होता, त्या पद्धतीत पहिला नंबर "फुकट जाणे" हा प्रकारच नव्हता. बापाने मायेपोटी खोडले आणि आम्ही अज्ञानापोटी गप्प बसलो. किंमत मात्र मुलीने मोजली. ते गप्प बसणे आम्हाला डाचले, म्हणून या विषयाचा आम्ही नंतर जमेल तेवढा अभ्यास केला. त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रवेश देण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक उदाहरण घेऊ. महाविद्यालये तीन आहेत: थोरले, मधले आणि धाकटे. प्रत्येकात जागा एकच. विद्यार्थीही तीन: नव्वद गुणांची अनसूया, पंच्याऐंशी गुणांचा दत्तू आणि ऐंशी गुणांचा बाळू. अनसूया व दत्तू या दोघांनाही आधी थोरले, मग मधले, मग धाकटे हवे आहे. बाळूला आधी मधले, मग थोरले, मग धाकटे हवे आहे. तिघांनीही मनातले तेच कागदावर लिहिले.

पहिल्या पद्धतीत महाविद्यालय आरंभी फक्त पहिल्या पसंतीचे अर्ज पाहते आणि जागा तेथल्या तेथे कायमची देऊन टाकते. थोरले महाविद्यालय अनसूयेला मिळाले. मधल्याला पहिली पसंती देणारा एकटा बाळू, म्हणून ते त्याला मिळाले. दत्तू आपली दुसरी पसंती घेऊन मधल्याच्या दारात जातो तो दार बंद! गुण बाळूहून पाच अधिक, तरी वाट्यास आले धाकटे. दत्तूचा गुन्हा कोणता? त्याने खरे लिहिले, हाच. थोरल्याचा मोह दडवून त्याने मधले महाविद्यालय पहिले लिहिले असते तर ते त्याला निश्चित मिळाले असते.

दुसऱ्या पद्धतीत जागा प्रथम केवळ तात्पुरती राखतात. मधले महाविद्यालय बाळूला राखून ठेवते, परंतु कायमचे देत नाही. थोरल्याने नाकारलेला दत्तू तेथे येताच ते दोघांचे गुण ताडून पाहते, दत्तूला ठेवते आणि बाळूला मोकळे करते. बाळू थोरल्याकडे जातो. तेथे अनसूया आहे, म्हणून त्याला धाकटे मिळते. सर्वांची फिरती संपली म्हणजे मगच जागा कायम होतात. या पद्धतीत दत्तूने थोरले वर लिहिल्याने त्याचे काही बिघडले नाही. वरचे मिळाले तर लाभ, न मिळाले तर खालच्या पसंतीवरील त्याचा हक्क जशाचा तसा. कोणी म्हणेल, बाळूचे काय? बाळूला धाकटे मिळाले हे खरे. जागा कमी असताना कोणतीही पद्धत नव्या जागा निर्माण करू शकत नाही. परंतु अधिक गुणांचा मनुष्य बाहेर आणि कमी गुणांचा आत, अशी तक्रार तरी येथे कोणाला करता येत नाही.

ही दुसरी पद्धत कागदावर मांडली ती डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी, १९६२ साली. त्यांचा निबंध अवघ्या काही पानांचा होता आणि त्याचा विषय होता महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाची स्थिरता! वधूवरांच्या जोड्या अशा जुळवाव्या की आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावेसे वाटणारे दोघे कोठेही उरू नयेत, हे जे कोडे, तेच विद्यार्थी आणि महाविद्यालये यांचेही कोडे होय, असे त्यांनी दाखविले. गंमत अशी की अमेरिकेतील नव्या डॉक्टरांना रुग्णालयांत उमेदवारीच्या जागा नेमून देणारी यंत्रणा १९५२ पासून जवळजवळ याच रीतीने चालत आली होती. हे साम्य ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ साली उघड केले. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल त्यापूर्वीच, २००८ साली, निवर्तले होते.

आता कोणी सूज्ञ विचारील की गणिताने सिद्ध झाले, मग वाद कसला? वाद असा की गणित मनुष्याला शहाणा धरून चालते आणि मनुष्य मात्र भितो, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवतो, शेजाऱ्याचा सल्ला घेतो. म्हणून पद्धतीची परीक्षा माणसांवरच घ्यावी लागते. ती प्रत्यक्ष प्रवेशात घेता येत नाही, कारण कोणाच्या मनात खरोखर काय होते हे अर्जावरून कळत नाही. खोडलेले नाव अर्जात दिसतच नाही! या अडचणीवर संशोधकांनी प्रयोगशाळेचा तोडगा काढला.

यान चेन आणि तैफुन सोनमेझ यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या शाखेत मूलभूत मानला जातो. एका वेळी छत्तीस जण बसवावयाचे. त्यांच्यापुढे सात काल्पनिक शाळा, त्यांत मिळून जागा छत्तीस. प्रत्येकाला एक तक्ता द्यावयाचा: अमुक शाळा मिळाली तर तुला सोळा डॉलर, अमुक मिळाली तर तेरा, असे उतरत उतरत शेवटच्या शाळेला दोन डॉलर. पैसे खरे आणि रोख. कोणाला कोणती शाळा किती मोलाची हे प्रयोग करणाऱ्याला आधीच ठाऊक असल्याने, यादीत कोणी काय लपविले ते त्याला तत्काळ दिसते. रुपये-आणे-पैशांत मापलेले मन म्हणा ना!

निष्पन्न काय झाले? जागा तेथल्या तेथे कायम करणाऱ्या पद्धतीत सुमारे पाचांपैकी चौघांनी आपली खरी यादी दडविली. जागा तात्पुरत्या राखणाऱ्या गेल-शॅप्ली पद्धतीत निम्म्याहून अधिक लोकांनी खरे तेच लिहिले. तात्पर्य, माणसे मुळात लबाड नसतात. नियम त्यांना लबाड करतो. ज्या घरात खरे बोलल्यावर छडी बसते, त्या घरातली मुले खोटे बोलायला शिकतात, हे आमच्या आज्यांना ठाऊकच होते. प्रयोगशाळेने त्याला आकडा दिला एवढेच.

या प्रयोगाला बॉस्टन शहराचा मोठा संदर्भ होता. जागा तेथल्या तेथे देण्याची पद्धत त्या शहरातील सरकारी शाळांच्या प्रवेशात वर्षानुवर्षे चालू होती. इतकी की शास्त्रात तिला बॉस्टन पद्धत हेच नाव पडले. त्या शहरात पालकांचा एक संघ नियमाने भरे आणि कोणती शाळा पहिली लिहावी, कोणती लिहून पसंती वाया घालवू नये, याची खलबते करी. ज्यांना अशा सभांना जाण्याची सवड होती, त्यांची मुले तरली. जो बाप दोन पाळ्यांत राबत होता त्याने आपल्या मुलीला आवडलेली शाळा प्रामाणिकपणे पहिली लिहिली, आणि ती भरलेली निघाली तेव्हा दुसरी आणि तिसरीही भरून गेली होती. हा घाव डोळ्यांस दिसत नाही. कोणी कोणाला जात विचारली नाही, लाच मागितली नाही, नियमाप्रमाणे सारे यथासांग झाले. आणि तरीही माहितीवंताने अडाण्याची जागा घेतली. २००५ साली बॉस्टनच्या शाळा मंडळाने ही पद्धत टाकून गेल-शॅप्ली यांची पद्धत स्वीकारली. शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे: ज्या पालकांना डावपेच करता येत नाहीत त्यांची हानी थांबावी. न्यूयॉर्कने २००३ साली माध्यमिक शाळांसाठी असाच बदल केला, आणि मागितलेल्यांपैकी एकही शाळा न मिळालेल्या मुलांची संख्या सुमारे तीस हजारांवरून सुमारे तीन हजारांवर आली.

शाळांची गोष्ट झाली. आता महाविद्यालयांकडे वळू, आणि तेही जगातील सर्वांत मोठ्या प्रवेशाकडे. चीनमधील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा १९६६ साली बंद पडली आणि १९७७ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा सत्तावन्न लाख उमेदवार बसले आणि पावणेतीन लाखांच्या आतबाहेर मुलांनाच प्रवेश मिळाला. २०२४ साली नाव नोंदविणाऱ्यांची संख्या एक कोटी चौतीस लाखांच्या वर गेली. या अफाट समुदायाला प्रांतवार जागा वाटताना तेथेही दीर्घकाळ पहिल्या पसंतीला सर्वस्व मानणारी पद्धत होती. विद्यापीठ पहिल्या पसंतीचे अर्ज संपविल्याशिवाय दुसऱ्या पसंतीकडे ढुंकूनही पाहत नसे. त्यात काही प्रांतांत यादी परीक्षेपूर्वीच, म्हणजे गुण कळण्याच्या आधी, द्यावी लागे. परिणामी उत्तम गुणांचा विद्यार्थी एका चुकीच्या ओळीने सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन पडे. परीक्षेत चांगले गुण मिळविण्यापेक्षा अर्ज चांगला भरता येणे अधिक मोलाचे, अशी म्हणच तेथील पालकांत रूढ झाली होती. विद्येच्या देशात विद्येची याहून अधिक विटंबना ती कोणती?

हूनान प्रांताने २००३ साली "समांतर पसंती"ची रीत आणली आणि मग एकामागून एक प्रांत तिकडे वळले. शांघायने ती २००८ साली घेतली. २०१२ पर्यंत एकतीसपैकी अठ्ठावीस प्रांतांत ती रूढ झाली होती. हिचे तत्त्व मध्यममार्गी आहे. पसंतीचे गट पाडतात. एका गटातील तीन, चार, पाच नावांपुरते गेल-शॅप्ली यांच्याप्रमाणे तात्पुरते राखणे, आणि एक गट संपला की जागा कायम. यान चेन आणि ओनुर केस्टेन यांनी तिन्ही पद्धती प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या; तो निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. खरे लिहिणाऱ्यांचे प्रमाण गेल-शॅप्ली पद्धतीत सर्वांत अधिक, चीनच्या समांतर पद्धतीत त्याखालोखाल, आणि बॉस्टन पद्धतीत सर्वांत कमी असे आढळले. न्यायाच्या दृष्टीनेही, म्हणजे अधिक गुणांचा बाहेर व कमी गुणांचा आत असे न होण्याच्या दृष्टीनेही, क्रम तोच लागला. सर्वांचे मिळून समाधान किती होते, या एका बाबतीत मात्र निकाल परिस्थितीनुसार बदलला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

येथवर ऐकून कोणास वाटेल की पद्धत बदलली, झाले, प्रश्न मिटला. मित्रहो, प्रयोगांनी शिकविलेला दुसरा धडा पहिल्याहून अधिक कडू आहे. नियम सुधारला तरी मनातली भीती सुधारत नाही.

चेन-सोनमेझ यांच्या त्याच प्रयोगाकडे पुन्हा पाहा. जेथे खरे लिहिण्यात कवडीचा तोटा नव्हता तेथेही पुष्कळांनी खरे लिहिले नाही. त्यांनी काय केले? ज्या शाळेत आपल्याला हक्काने जागा आहे ती जवळची शाळा वर ओढली आणि ज्या शाळांत जागा थोड्या त्या खाली ढकलल्या. म्हणजे आमच्या कार्यालयात आलेल्या त्या गृहस्थांनी केले तेच! आपणास वाटेल, हे अल्पशिक्षितांचे काम. तसेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील १,७१४ वैद्यकीय विद्यार्थी घेतले होते. त्यांनी नुकत्याच आपल्या खऱ्या उमेदवारीच्या याद्या याच पद्धतीच्या यंत्रणेकडे दिल्या होत्या आणि खरे तेच लिहा असा उपदेश त्यांनी कित्येकदा ऐकला होता. तरी प्रयोगातल्या लुटुपुटीच्या प्रवेशात त्यांच्यातील शंभरांपैकी तेवीस जणांनी आपली खरी आवड दडविली. शरीराची नाडी ओळखणाऱ्यांची ही कथा!

इस्राएलमधील मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची गोष्ट तर काळजाला चटका लावणारी आहे. तेथे २०१४ पासून गेल-शॅप्ली यांच्या तत्त्वावर प्रवेश होतो. काही अभ्यासक्रम शिष्यवृत्तीसह आणि शिष्यवृत्तीविना अशा दोन्ही रूपांत यादीत लिहिता येतात. अभ्यासक्रम तोच, वर्ग तोच, शिक्षक तेच; एकात पैसे मिळतात, दुसऱ्यात मिळत नाहीत. शिष्यवृत्ती वर लिहिल्याने प्रवेशाची शक्यता तिळभरही घटत नव्हती, आणि तसे त्यांना स्पष्ट सांगितलेही होते. असे असता काही विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीविना जागा वर लिहिली किंवा शिष्यवृत्ती लिहिलीच नाही! कारण काय असावे? पैसे मागितले तर आपल्याला दारातूनच परत पाठवतील ही भीती, असे आम्हास वाटते. हक्काचे मागणे हा उद्धटपणा आहे, असे ज्याच्या मनावर लहानपणापासून बिंबले त्याचा हात हक्काची ओळ लिहिताना थरथरतो.

आणि काही वेळा भीती साधार असते, हेही विसरून चालणार नाही. यादीत किती नावे लिहावयाची यावर मर्यादा घातली की उत्तम पद्धतही डळमळू लागते. कॅल्सामिग्लिया, हेरिंगर आणि क्लाइन या संशोधकांचा २०१० सालचा प्रयोग नेमका याच मुद्द्यावर आहे. यादी तोकडी केली तेव्हा आवड दडविणाऱ्यांची संख्या वाढली, आणि दडविण्याचा मुख्य प्रकार होता एखादी निश्चित मिळणारी शाळा आत घुसविणे. त्यांची चूक म्हणता येणार नाही. ओळी मोजक्याच असल्या तर त्यांतील एक तरी खात्रीची हवीच. महाराष्ट्रातील अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहापर्यंत महाविद्यालये लिहिता येतात. तेथे ही सावधगिरी आवश्यकच आहे. परंतु खात्रीचे नाव यादीच्या शेवटी असावे, माथ्यावर नव्हे. सुरक्षिततेसाठी तळाला जाजम अंथरावे. त्यासाठी छप्पर काढण्याचे कारण नाही.

एक गोष्ट अजून राहिली, आणि ती यादी भरण्याच्याही आधीची आहे. ज्याने अर्जच केला नाही त्याला कोणतीही पद्धत न्याय देऊ शकत नाही. मिशिगन विद्यापीठाला असे दिसले की राज्यातील गरीब घरांतील हुशार मुले आपल्याकडे अर्जच करीत नाहीत. वास्तविक त्यांपैकी बहुतेकांना शुल्कमाफी मिळण्यासारखीच होती. पण ती मिळते हे प्रवेशानंतर, नाना कागद भरल्यावर कळे. २०१५ साली संशोधकांनी अशा विद्यार्थ्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला, त्यांच्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना पत्रे पाठविली: तुला येथे प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ, हे आमचे वचन. दुसऱ्या गटाला असे वचन दिले नाही. वचन न मिळालेल्यांपैकी शेकडा सव्वीस जणांनी अर्ज केला आणि वचन मिळालेल्यांपैकी शेकडा अडुसष्ट जणांनी! प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचे प्रमाण शेकडा बारावरून सत्तावीसवर गेले. मुलांना जवळजवळ तेच मिळणार होते जे पूर्वीही मिळाले असते. नवीन होते ते एक स्पष्ट वाक्य, वेळेवर आणि घरच्या पत्त्यावर आलेले.

या वाक्याशी आमच्या गावाचा संबंध आहे. येथील मुले दोन राज्यांच्या प्रवेशप्रक्रियांत अर्ज भरतात. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी पात्रतेची वेगळी तरतूद आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती पालकांना ती ठाऊक आहे? हात वर करण्यास आम्ही सांगत नाही. उत्तर आम्ही चेहऱ्यांवर वाचतो आहोत. जी तरतूद घरी पोहोचत नाही ती राजपत्रात असून नसल्यासारखीच. ती घरोघर पोहोचविणे हे शाळांचे, वाचनालयाचे आणि आमच्यासारख्या पत्रांचे काम आहे, आणि त्यात आम्ही आजवर कमी पडलो हे कबूल करतो.

आपल्या देशातही सुधारणा झालीच नाही असे नव्हे. आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश पूर्वी वेगवेगळे होत. एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि शेवटी कित्येक जागा रिकाम्या राहत. २०१५ पासून ऐंशीच्या आसपास संस्था आणि पाचशेहून अधिक अभ्यासक्रम यांचा एकत्र प्रवेश गेल-शॅप्ली यांच्याच तत्त्वावर सुरू झाला आणि रिकाम्या जागा लक्षणीय घटल्या. आरक्षणाच्या आपल्या गुंतागुंतीच्या नियमांना बसेल असा साज भारतीय संगणकतज्ज्ञांनीच त्या तत्त्वावर चढविला. तेथे पसंतीच्या संख्येला मर्यादा नाही. मिळालेली जागा हातची न सोडता वरच्या पसंतीसाठी थांबण्याची सोय आहे. तिला फ्लोट म्हणतात. एवढे असूनही तेथे पहिली ओळ भीतीने खोडणारे विद्यार्थी नसतील, असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून, पालकहो, जी प्रवेशप्रक्रिया तुमच्यापुढे येईल तिला तीन प्रश्न विचारा. पहिला: जागा पहिल्या फेरीतच कायम होते की वरच्या पसंतीची वाट मोकळी राहते? दुसरा: पसंतीची संख्या मर्यादित आहे काय? तिसरा: मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या फेरीतून बाद होतो काय? ही तीन उत्तरे मिळेपर्यंत यादीवर लेखणी चालवू नका. आणि शेजाऱ्याच्या सल्ल्याची नम्रपणे तपासणी करा. त्याचा मुलगा ज्या वर्षी गेला त्या वर्षीचा नियम कदाचित वेगळा असेल.

सत्ताधाऱ्यांकडे, मग ते कोणत्याही राज्याचे असोत, आमचे मागणे आहे ते असे: पसंतीच्या संख्येवरील बंधने जेथे शक्य तेथे उठवा, खरे लिहिणाऱ्यास दंड होईल असा एकही नियम ठेवू नका, आणि नियम मुलांच्या मातृभाषेत, उदाहरणासह, दोन पानांत छापून अर्ज भरण्यापूर्वी हाती द्या. ज्याला वकील लागतो असा प्रवेशनियम हा नियम नव्हे, ती चाळणी आहे. आणि तीतून गुण गळून पडतात, ओळखीपाळखी तेवढ्या वर राहतात.

गुणांतच विषमता असते, ज्याच्या घरी दिवा आणि शिकवणी दोन्ही आहेत त्याचे गुण अधिक येतात, हेही आम्ही जाणतो. यादीची पद्धत ती विषमता मिटवू शकत नाही. परंतु असलेल्या विषमतेत आणखी एक भर घालू नये, एवढी अपेक्षा तिच्याकडून करणे रास्त आहे.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. नियम समजून घ्या, आणि नियम खऱ्याला दंड करीत नसेल तर मनात जे पहिले आहे तेच कागदावर पहिले लिहा. नाकारण्याचे काम महाविद्यालयाचे आहे. ते त्याला करू द्या. त्याच्या वतीने तुम्ही स्वतःला नाकारू नका. आणि अर्ज घेऊन कोणी आमच्या कार्यालयात आला, तर आता आम्ही गप्प बसणार नाही. उद्यापासून प्रवेश संपेपर्यंत रोज सायंकाळी सहा ते आठ आमचे दार उघडे आहे. याद्या घेऊन या. पहिली ओळ न खोडता घेऊन या.